पाहुण्यांना चंडीगड दाखवताना

(गणेशोत्सवात सेक्टर ३० येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी वक्ता नाही. दरवर्षी या व्यासपीठावरून शास्त्रज्ञ, प्राध्यापक, सैन्यातले अधिकारी बोलतात आणि आपण सारे ऐकतो. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रेल-पथ विभागातला माणूस. रूळ, स्लीपर आणि खडी एवढेच माझे जग. यंदा चिटणीसांनी मला पकडले तेव्हा मी विचारले, "अहो, मी कशावर बोलणार?" ते म्हणाले, "तुमच्या घरी सगळ्यांत जास्त पाहुणे येतात. पाहुण्यांना गाव कसे दाखवावे, खरेदी कुठे करावी, यावर बोला. प्रत्येक घराच्या उपयोगाचा विषय आहे."

आता आमच्याकडे पाहुणे जास्त का येतात? एक तर बायकोचा स्वभाव चांगला. दुसरे म्हणजे समस्त नातेवाइकांची अशी समजूत आहे, की मी रेल्वेत आहे म्हणजे वेटिंग लिस्ट माझ्या खिशात असते. "तिकीट काढलंय, वेटिंग एकशे चाळीस आहे, तेवढं बघ," असा फोन आला की मी समजतो, आता आठवड्याभरात गाद्या उन्हात टाकायच्या.

आपले पाहुणे दोन-तीन वाटांनी येतात. काही जण मुंबईहून थेट गाडीने येतात. कोकणातल्यांना गोवा संपर्क क्रांती सोयीची, ती मडगावपासून चंडीगडपर्यंत येते. बाकीचे दिल्लीला उतरून पुढे येतात. दिल्लीहून अंबाल्याकडे निघाले की वाटेत पानिपत लागते. तुम्ही पाहिले असेल, पानिपत स्टेशन जवळ आले की डब्यातला मराठी माणूस, मग तो झोपलेला का असेना, उठून दाराशी जातोच. दिसत काही नाही. फलाट दिसतो, चहावाला दिसतो. पण तो उभा राहतो. वेळ असेल त्यांनी परतीच्या वाटेवर गाडीने तिथे जरूर थांबावे. काला आंबचे स्मारक पाहावे, हात जोडावे. पानिपत आज हातमागाच्या आणि लोकरीच्या मालासाठी प्रसिद्ध आहे. आमच्या काकू स्मारक पाहून डोळे पुसत आल्या आणि तासाभरात दोन ब्लँकेटे आणि एक सतरंजी घेऊन गाडीत बसल्या. काका म्हणाले, "१७६१ साली आपण इथे सगळं गमावलं. निदान हिनं थोडंफार परत आणलं."

असो. पाहुणे घरी पोहोचले, चहा झाला, की पहिले काम काय? माझा अनुभव सांगतो. पहिले काम म्हणजे त्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवणे. घर नंबर, सेक्टर आणि पुढचे ए, बी, सी, डी हे अक्षर. हे अक्षर विसरले की माणूस गेलाच. आमचे सासरेबुवा पहिल्या दिवशी पहाटे फिरायला बाहेर पडले. नाशिकमध्ये पन्नास वर्षे काढलेला माणूस. म्हणाले, "मला रस्ता काय सांगता? देवळाच्या अलीकडे वळायचं." इथे प्रत्येक चौक गोल, प्रत्येक कोपऱ्यावर तशीच झाडे, तसाच बाजार. सेक्टर ३० मधून निघालेले सासरेबुवा सेक्टर २९ मध्ये एका भल्या सरदारजींच्या घरी लस्सी पीत बसलेले सापडले. सरदारजी म्हणाले, "कोई गल नहीं जी, रोज भेज दिया करो."

म्हणून पाहुण्यांना शहराची रचना आधी समजावून सांगावी. त्यात गंमतही आहे. देशाची फाळणी झाली, लाहोर पलीकडे गेले आणि पंजाबला राजधानी उरली नाही. म्हणून हे शहर कोऱ्या कागदावर आखले गेले. पहिला आराखडा आल्बर्ट मायर आणि मॅथ्यू नोविकी यांचा. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेले आणि नंतर काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. त्यांच्याबरोबर पिएर जान्रे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू होते. आपले मुख्य अभियंता पी. एल. वर्मा होते. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते राजधानीचे उद्घाटन झाले. साधारण सेक्टर १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद, म्हणजे त्याला एक फेरी मारली की चार किलोमीटर चालणे होते. ज्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे त्यांना मीटर लावायची गरज नाही. आपला सेक्टर ३० हा पहिल्या टप्प्याचा शेवटचा आकडा.

मुलांना आणखी एक गंमत सांगा. मूळ आराखड्यात तेरा नंबरचा सेक्टरच नव्हता. २०२० मध्ये मनीमाजऱ्याला ते नाव मिळाले. पण जुन्या भागात समोरासमोरच्या सेक्टरांची बेरीज करून पाहा. नऊ आणि चार तेरा. सतरा आणि नऊ सव्वीस. बावीस आणि सतरा एकोणचाळीस. टाळलेला तेरा असा फिरून फिरून येतो. आमच्या भाचीने हे ऐकल्यावर दिवसभर रिक्षात बसून बेरजा केल्या. तेवढा वेळ ती मोबाइल विसरली होती.

आता खरेदी. भगिनीवर्ग सावध होऊन बसलेला दिसतो. पुरुषवर्गाने पाकिटावर हात ठेवला तरी चालेल.

चंडीगडच्या खरेदीची सुरुवात सेक्टर १७ पासून करतात. करावी, पण सुरुवात म्हणजे पाहण्याची. मोकळा चौक, वाहनांना बंदी, एकसारख्या खांबांच्या इमारती, संध्याकाळची वर्दळ. तिथे मोठी दुकाने आहेत, भाव लावलेले असतात, घासाघीस चालत नाही. घासाघीस करायची असेल तर रस्ता ओलांडून सेक्टर २२ च्या शास्त्री मार्केटमध्ये जावे. सेक्टर १९ चे सदर बाजार आणि पालिका बाजारही आपल्या बेताच्या खिशाला परवडणारे. सेक्टर १५ च्या पटेल मार्केटमध्ये विद्यापीठातली मुले-मुली जातात, त्यामुळे कॉलेजातल्या पाहुण्यांना तिथे सोडून आपण चहा प्यावा. आणि ज्यांना मॉलच हवा, त्यांच्यासाठी इंडस्ट्रियल एरियातला एलांते २०१३ पासून आहेच. फक्त मॉल पाहायला कोल्हापूरहून इथवर यावे का, हा प्रश्न मी पाहुण्यांना विचारत नाही. बायकोने मनाई केली आहे.

आता एक धोक्याची सूचना. आपला माणूस दुकानात जातो, दुकानदार दोन नग दाखवतो आणि तिसऱ्याला "आधी घेणार का ते सांगा" म्हणतो. या सवयीने आपण घट्ट झालेलो असतो. पंजाबी दुकानदाराची रीत उलट. "आओ जी, बैठो जी, आंटी जी, देखण दे पैसे थोडी लगदे ने." आमची मिरजेची मावशी एक सूटपीस पाहायला बसली. त्याने तीस उलगडले. वर चहा मागवला. मावशीला घाम फुटला. माझ्या कानात म्हणाली, "अरे, एवढं त्यानं पसरलंय, चहासुद्धा पाजला. नुसतं उठायचं कसं?" आणि तिने चार घेतले. तेव्हा पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे, की पसरणे हा त्यांचा धर्म आहे आणि न घेता उठणे हा आपला हक्क आहे. तो राग मानत नाही. "फेर आणा जी" म्हणतो.

सूटपीस घ्यायचा आणि शिवूनही न्यायचा असेल तर कापड पहिल्याच दिवशी घ्यावे, नाहीतर शिंप्यापायी गाडी चुकते. पटियाला सलवार शिवायची असेल तर तिच्या चुण्यांना साध्या सलवारीपेक्षा बरेच जास्त कापड लागते. ते पीस घेतानाच सांगावे. ओढणीचा रंग जुळत नसेल तर काळजी नको. बाजारात रंगारी बसलेले असतात. जुळवायच्या कापडाचा तुकडा दिला की पातेल्यात उकळत्या पाण्यात रंग घालून तुमच्यासमोर ओढणी रंगवतात आणि दोन टोके धरून हवेत हलवून वाळवतात. आमच्या मावशीला अख्ख्या चंडीगडात हे दृश्य सर्वांत आवडले. हे बघायला तिकीट नाही.

फुलकारी घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. खरी फुलकारी कापडाच्या उलट्या बाजूने, धागे मोजून भरतात. सगळे कापड भरतकामाने झाकून गेले तर त्याला बाग म्हणतात. म्हणून दुकानात गेल्यावर आधी ओढणी उलटी करून पाहा. हातकामात मागच्या बाजूला धाग्याची टोके दिसतात, टाके थोडे कमीजास्त असतात. मशीनचे काम मागूनही एकसारखे असते आणि खालचा बॉबिनचा धागा वेगळा दिसतो. मशीनचे घेऊ नका असे नाही. पण मशीनच्या मालाला हाताचा भाव देऊ नका. सरकारी एम्पोरियममध्ये एकदा हातकाम पाहून ठेवले की नजर तयार होते.

जुत्ती, म्हणजे इथली मोजडी, संध्याकाळी घ्यावी. दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो, तेव्हाचे माप खरे. पारंपरिक जुत्तीत डावा-उजवा नसतो, घालून घालून ती पायाचा आकार घेते. पहिले चार दिवस चावते. सुनेसारखी, असे आमच्या एका काकू म्हणाल्या. त्यांची सूनही शेजारीच बसली होती, ती म्हणाली, "पण मग आयुष्यभर साथ देते ना?" आणि खाण्याच्या वस्तूंत उडदाच्या मसालेदार वड्या न्याव्यात. त्या आपल्या सांडग्यांच्या चुलत बहिणी. पावसाळ्यात मात्र नीट बांधून न्याव्यात, बुरशी लवकर येते. थंडीत पिन्नी न्यावी. लोकरीचे कपडे लुधियान्याजवळच्या या गावात नाही घ्यायचे तर कुठे घ्यायचे?

हे झाले खरेदीचे. आता प्रेक्षणीय स्थळांकडे येतो. खरे तर मला आज जे सांगायचे आहे ते इथेच आहे.

मी २००८ मध्ये इथे बदलून आलो. डिसेंबर २०११ मध्ये माझे वडील आणि आई पहिल्यांदा चंडीगडला आले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. कराडजवळचे आमचे गाव. अण्णा गवंडी होते. चाळीस वर्षे त्यांनी लोकांची घरे बांधली, आणि त्याच पैशांतून मला डिप्लोमाला घातले. गाव सोडून ते फारसे कुठे गेले नव्हते. पंढरपूर, जोतिबा, एकदा मुंबई. मला वाटले, आलेत तर सगळे दाखवावे. काही राहायला नको.

मी रेल्वेचा माणूस. मी वेळापत्रक केले. चक्क कागदावर लिहिले. नऊ वाजता रॉक गार्डन, पाऊण तास. दहाला सुखना तलाव, अर्धा तास. मग म्युझियम. मग रोझ गार्डन. मग जेवण. मग सेक्टर १७. दुसऱ्या दिवशी पहाटे अमृतसर. ऑफिसातली दोन दिवसांची रजा आणि त्यात सात ठिकाणे.

रॉक गार्डन तुम्हाला माहीत आहे. नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर. फाळणीत गाव सोडून आलेले. चंडीगडसाठी जी खेडी उठवली त्यांच्या ढिगाऱ्यांतून त्यांनी फुटक्या फरश्या, बांगड्या, कपबश्या, विजेच्या दिव्यांचे तुकडे गोळा केले, सायकलवरून जंगलात नेले, आणि १९५७ पासून नोकरी सांभाळून, कुणाला न सांगता तिथे मूर्ती आणि भिंती उभ्या करत राहिले. सरकारी जमिनीवर, विनापरवाना. जवळजवळ अठरा वर्षे कुणाला पत्ता नव्हता. कळले तेव्हा पाडायचे की ठेवायचे असा प्रश्न आला. सुदैवाने ठेवले. १९७६ मध्ये ते लोकांसाठी उघडले आणि नेकचंद यांना "सब डिव्हिजनल इंजिनिअर, रॉक गार्डन" असे पद देऊन पगार आणि मजूर दिले. आमच्या खात्यातल्या मित्रांनो, अशी बढती कुणाला मिळालेली ऐकली आहे का? १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जून २०१५ मध्ये ते गेले.

अण्णा आत शिरले आणि पहिल्याच भिंतीपाशी थांबले. हाताने चाचपून पाहू लागले. फुटक्या फरशीचे तुकडे कसे बसवलेत, सांधा कुठे भरलाय, पाणी कुठून वाहून जाते. म्हणाले, "हे कुणी केलं?" मी सांगितले, रोड इन्स्पेक्टर होते. "म्हंजे तुझ्यासारखंच की," ते म्हणाले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. अण्णा पुढच्या भिंतीशी. "हे बघ, हिथं ओल येऊ नये म्हणून काय केलंय बघ." मी घड्याळाकडे बघत होतो. पाऊण तासाचा दीड तास झाला तेव्हा मी बोललो. जरा वरच्या आवाजातच बोललो. "अण्णा, भिंती काय बघत बसलाय? अजून पाच ठिकाणं राहिलीत. चला आता."

अण्णा म्हणाले, "बरं. चल."

त्यानंतर दिवसभर कुठेही ते थांबले नाहीत. तलावापाशी गेलो, उभे राहिले, पाहिले, म्हणाले, "झालं? चल." म्युझियममध्ये तसेच. गुलाबापाशी तसेच. माझे वेळापत्रक अगदी राइट टाइम चालले. मला त्याचे समाधानही वाटले, हे आज सांगताना लाज वाटते.

रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "तुझं काम कुठं चालतं, ते दाव की उद्या." मी हसलो. म्हटले, "अण्णा, तिथं काय बघायचंय? रूळ आणि खडी. उद्या अमृतसर आहे. आयुष्यात एकदा बघायची जागा आहे." ते काही बोलले नाहीत. अमृतसर झाले. ते गावी गेले. पुढच्या पावसाळ्यात अण्णा वारले.

दिवसपाणी झाल्यावर आई एकदा सहज बोलता बोलता म्हणाली, "चंडीगडाहून आल्यापासून पारावर बसून सगळ्यांना सांगायचे. माझ्या पोराच्या गावात एका रोड इन्स्पेक्टरनं फुटक्या फरशीचा डोंगर उभा केलाय. भिंत कशी बांधलीय ते पार हातानं करून दाखवायचे. मग कुणी विचारायचं, आणि तुमचा पोरगा काय करतो? तर म्हणायचे, रेल्वेत हाय, रूळ बघतो. कसं बघतो, म्हणून विचारलं की गप्प बसायचे. ते त्यांना सांगता यायचं नाही."

बंधू-भगिनींनो, रॉक गार्डनच्या भिंतीची माहिती अण्णांना होती. माझ्या कामाची नव्हती. ती मी दिली नव्हती.

आमच्या रेल्वेच्या वेळापत्रकात एक गोष्ट असते, ती प्रवाशांना दिसत नाही. दोन स्टेशनांमध्ये गाडीला जेवढी मिनिटे लागतात, त्यात काही मिनिटे जास्तीची धरलेली असतात. रुळाचे काम चालू असेल, गाडी हळू न्यावी लागली, उशीर झाला, तर तो भरून निघावा म्हणून. त्याला आम्ही रिकव्हरी टाइम म्हणतो. ही मिनिटे नसतील तर एक गाडी अडली की मागची प्रत्येक गाडी अडते. रोज हे पाहणाऱ्या माणसाने बापासाठी वेळापत्रक केले आणि त्यात ती मिनिटे ठेवली नाहीत.

मार्च २०१९ मध्ये आई पुन्हा आली, एकटी. या वेळी मी कागद काढला नाही. विचारले, "तुला काय बघायचंय?" ती म्हणाली, "तुम्ही राहता कसे ते बघायचंय." मग आम्ही सकाळी आपल्या सेक्टरच्या बाजारात भाजीला गेलो. दुपारी ती गॅलरीत शेजारच्या बीजींबरोबर बसली. एकीला मराठी येत होते, एकीला पंजाबी, आणि दोघी दोन तास बोलत होत्या. एक दिवस फक्त सेक्टर २२ मध्ये फिरलो. तिथली जुनी सरकारी घरे पाहा, उघड्या विटांची, जाळ्यांची. शहरात सर्वांत आधी वसलेला भाग तो. मी आईला म्हटले, "अण्णांना हे आवडलं असतं." ती म्हणाली, "विटेला गिलावा नाही, म्हणजे लपवायला जागा नाही, असं म्हटले असते."

आणि एके दिवशी सकाळी मी तिला चंडीगड स्टेशनवर घेऊन गेलो. रुळांवर नव्हे हं, नियम मोडून नव्हे. पादचारी पुलावर उभे केले. खाली आमचा कीमॅन हातोडा आणि पाना घेऊन चालत होता. मी तिला सांगितले, हा रोज एवढे अंतर चालतो आणि प्रत्येक चावी घट्ट आहे का पाहतो. उन्हाळ्यात रूळ वाढतो, थंडीत आकसतो आणि तडा जायची भीती असते, म्हणून थंडीत रात्रभर माणसे कंदील घेऊन गस्त घालतात. त्यांच्यावर माझी नजर असते. दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर, ते हलले तर गाडी पडते. आई ऐकत होती. म्हणाली, "म्हणून थंडीत रात्री फोन उचलत नाहीस होय?" मग थोड्या वेळाने तिने विचारले, "ह्यांना आणलं होतंस का इथं?"

मी म्हटले, "नाही."

ती काही बोलली नाही. एक गाडी आली, गेली. मग म्हणाली, "बरं, तो माणूस आता काय ठोकतोय ते सांग." आम्ही तिथे तासभर होतो.

तेव्हा पाहुण्यांना काय दाखवावे, याचे माझे उत्तर आता असे आहे. दिवसाला दोन ठिकाणे, फार तर तीन. पाहुणा कोण आहे ते आधी पाहा. बांधकामातला असेल तर त्याला कॅपिटॉल कॉम्प्लेक्स दाखवा. २०१६ पासून तो जागतिक वारसा आहे. ओळखपत्र नेले की मार्गदर्शकाबरोबर आत सोडतात. तिथला उघडा हात १९८५ मध्ये उभा राहिला. चौदा मीटर उंचीचा, सुमारे पन्नास टन वजनाचा, आणि वारा येईल तसा फिरतो. वर्कशॉपमधल्या माणसाला त्याखाली अर्धा तास एकटे सोडा. इतिहासाची आवड असेल तर सेक्टर १० चे म्युझियम, सोमवार सोडून. लाहोर संग्रहालयातल्या वस्तूंची १९४८ मध्ये वाटणी झाली तेव्हा चाळीस टक्के भारताच्या वाट्याला आल्या. त्यातल्या गांधार मूर्ती तिथे आहेत. घरादाराची वाटणी आपण पाहिली आहे, देवांची वाटणी तिथे दिसते. फुलांची आवड असेल तर रोझ गार्डन, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये. मे महिन्यात नेऊन गुलाबांना आणि पाहुण्यांना दोघांनाही लाजवू नका. गुडघे दुखत असतील तर सुखना तलावाच्या बांधावर संध्याकाळी नुसते बसवा. १९५८ मध्ये एक पावसाळी ओढा अडवून केलेला तलाव आहे तो, समोर शिवालिकचे डोंगर आहेत, आणखी काही दाखवायची गरज नाही. वारकरी असतील आणि दोन दिवस जास्त असतील तर गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला न्या. नामदेव महाराजांचे ते स्थान. २०१५ मध्ये तिथे अठ्ठ्याऐंशीवे मराठी साहित्य संमेलन भरले होते. रेल्वेची आवड असेल तर कालक्याहून शिमल्याची छोटी गाडी. १९०३ ची, अडीच फुटी रूळ. वेळ नसेल तर बडोगपर्यंत जाऊन परत या, अकराशे मीटरहून लांब बोगदा पाहायला मिळतो.

आणि या सगळ्यांत एक ठिकाण आपले स्वतःचे ठेवा. आपल्यापैकी कुणी इथे सीएसआयओमध्ये आहे, कुणी बँकेत, कुणी सैन्यात, कुणी शिकवते. आत नेता येणार नाही, हे मला कळते. पण फाटकापर्यंत तरी नेता येते. "ही माझी खिडकी, इथे मी बसतो," एवढे तरी दाखवता येते. दीड हजार किलोमीटरवरून जो माणूस दोन रात्री बसून येतो, तो कॉर्बुझिएसाठी येत नाही. पोरगा, पोरगी, भाऊ, बहीण एवढ्या लांब जाऊन काय करतात, कसे राहतात, हे त्याला पाहायचे असते. गावी गेल्यावर पारावर त्याला ते सांगायचे असते.

उत्सवात आपण बाप्पाला दहा दिवस घरी आणतो. त्यालाही आपण काही शहर दाखवत नाही. आपल्या घरात बसवतो, आपल्या ताटातले वाढतो. पाहुणचार म्हणजे काय, हे इतके सोपे आहे. मला कळायला उशीर झाला. तुम्हाला होऊ नये, म्हणून हे बोललो.

प्रसादाची वेळ झाली आहे. माझे भाषण वेळेपेक्षा पाच मिनिटे लेट आहे. तेवढी रिकव्हरी आपण द्याल, अशी खात्री आहे.

गणपती बाप्पा मोरया!